ताटातलं अंडं

शुक्रवारी अकराच्या सुमाराला जिग्नेशभाईचा टेम्पो ओढ्यापलीकडं येऊन थांबायचा आणि हॉर्न वाजवायचा. ओढ्याच्या फरशीवरून जुलैत गुडघाभर पाणी वाहतं. टेम्पोला पाणी चालत नसे. माणसाला चालतं, म्हणून शाळेची स्वयंपाकीण भिकी डोईवर पाटी घेऊन पाण्यात उतरायची, अंडी घ्यायची आणि पाय रोवत परत यायची. पाड्यावरच्या शाळेत पोरं अठ्ठेचाळीस होती. अंडी बारा यायची.

दिवाळीनंतर अंड्यांची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्याच शुक्रवारी तिनं विचारलं होतं, "भाई, बाराच?"

"वरूनच एवढी येते, बेन. मी शुं करू? मी काय कोंबडी हाय?"

मग तिनं मुख्याध्यापकांना विचारलं. सुनिल गुरुजी घाटावरचे. तालुक्यात अठरा वर्षं काढलेली, आणि गावाकडं बदली होईस्तोवर कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, असं ठरवून टाकलेलं. त्यांनी पाटीत डोकावून पाहिलं, घसा साफ केला.

"आहे ते सगळ्यांना सारखं वाढ. भेदभाव नको."

भेदभाव नको, हे भिकीला पटलं. पण सुरीनं उकडलेल्या अंड्याचे चार भाग केले की पिवळं भुगा होऊन सुरीलाच चिकटायचं. एकाच्या ताटलीत नुसतं पांढरं, दुसऱ्याच्यात नुसता चुरा. पहिल्या शुक्रवारी पोरांची मारामारी झाली, एकाचा दात पडला. दुधाचाच होता, तरी पडला.

भिकीचा नवरा शुक्रा डहाणूच्या एका बोटीवर खलाशी. आठ-नऊ महिने दर्यात, आणि पावसाळ्यातल्या बंदीत घरी. घरी म्हणजे शेठची फाटलेली जाळी खांबाला बांधून विणत बसायचं. दुसऱ्या शुक्रवारी भिकीनं त्याच्या रिळाचा हातभर दोरा तोडून नेला. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, दुसरं बोटाला गुंडाळायचं, दोरा पाण्यात भिजवून घ्यायचा. अंडं डाव्या तळव्यावर उभं धरून दोरा वरून खाली ओढला की अंडं न हलता दोन व्हायचं. आडवं फिरवून पुन्हा ओढलं की चार. चारही भागांत पांढऱ्याच्या कडेत पिवळ्याची फोड तेवढीच. बारा अंडी ती दहा मिनिटांत उरकायची. त्यात कुणाला उणं-अधिक काढता आलं नाही. पाड्यावरची माणसं तांदूळ मापतानासुद्धा एकमेकांना उणं-अधिक काढतात.

पोरं आपोआप चार-चारांच्या टोळक्यानं बसायला लागली. एका टोळक्याला एक अंडं. भिकी ते समोर कापायची आणि चौघांच्या ताटलीत टाकायची. नवीन पोर शाळेत आलं की त्याला आधी टोळकं शोधावं लागायचं, मग वर्ग.

नियमाप्रमाणं वाढण्याआधी स्वयंपाकिणीनं प्रत्येक पदार्थाची चव घ्यायची असते. भिकीनं अंड्याची चव घेतली तर एक पोर उपाशी. म्हणून पहिलं अंडं कापलं की ती दोरा चाटायची. त्यावर पिवळ्याचा पुसटसा थर असायचा. चव कळायची. नियम पाळला जायचा.

*

चौथी-पाचवीला क्रांती मॅडम होत्या. डहाणूच्या किनाऱ्याकडच्या मांगेल्यांच्या घरातल्या, आई अजून मासळी विकते, नोकरीचं दुसरं वर्ष. जूनच्या शेवटी त्या तीन दिवसांचं प्रशिक्षण करून आल्या. विषय : चित्रातून अपूर्णांक. येताना त्यांनी रंगीत पुठ्ठ्यांची पेटी आणली आणि वर्गात एक गोल चित्र वर धरलं.

"हे काय आहे?"

"भाकर!" सगळा वर्ग.

"भाकरी नाही. हा पिझ्झा."

"बाई, करपलीय," भिकीची पोरगी निलम पाचवीत होती, ती म्हणाली. "काळं काळं डाग बघा."

"किडं हायती," मागून कुणीतरी सांगितलं.

मॅडमनी पिझ्झ्याचे आठ तुकडे करून दाखवले. पोरांनी तोंड वाकडं करून पाहिलं. करपलेली, किडकी भाकर आठ जणांनी का वाटून घ्यावी, हे कुणाला कळेना. दुसऱ्या दिवशी केक. केक एकानं पाहिला होता, झरीच्या बाजारात, काचेमागं.

शुक्रवारी मॅडम स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. भिकी दातात दोरा धरून अंडं कापत होती. एक. दोन. चार. मॅडम बघतच राहिल्या.

"मावशी, परत करून दाखवा."

"आता पुढल्याला करते ना. अंडं जोडून परत कसं कापू?"

त्या शुक्रवारी चौथी-पाचवीचा वर्ग स्वयंपाकघरासमोरच्या ओट्यावर भरला. अर्धं म्हणजे काय, पाव म्हणजे काय, दोन पाव म्हणजे अर्धं कसं, सगळं तासाभरात झालं. सतरा पोरांनी पाटीवर चित्रं काढली आणि एकाचंही चुकलं नाही. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी मोबाइल काढला.

"भिकीचं तोंड नका घेऊ," सुनिल गुरुजी मागून म्हणाले. "लुगडं मळकं आहे. नुसते हात घ्या."

म्हणून व्हिडिओत नुसते हात आले. काळे, चुलीच्या राखेचे, नखांत भाताच्या आवणीचा चिखल असलेले. तो व्हिडिओ आठवड्याभरात जिल्हाभर फिरला. वरून अभिनंदनाचं पत्र आलं : "शून्य खर्चाचे अभिनव शैक्षणिक साहित्य." अंड्यांचा खर्च काही शून्य नव्हता. तो महिन्याच्या महिन्याला व्यवस्थित होत होता, फक्त कुठं होत होता ते व्हिडिओत आलं नव्हतं. मॅडमना पुष्पगुच्छ मिळाला. गुरुजींना मिळाला. भिकीनं ते गुच्छ बादलीत ठेवले, आणि बादली अडकली म्हणून पाणी हंड्यानं आणलं.

एवढं करून अठ्ठेचाळीस पोरं आणि बारा अंडी, हे गणित जिल्ह्यात कुणी घातलं नाही. अपूर्णांक सगळ्यांना समजले होते. भागाकार कुणाला येत नव्हता.

*

अभिनंदनाच्या पाठोपाठ वरून कृतिपत्रिका आली. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एकच : "शुक्रवारी तुमच्या ताटात आलेले अंडे काढा. त्याचे चार समान भाग करा. एक भाग रंगवा. रंगवलेला भाग अपूर्णांकात लिहा."

बाकीच्या शाळांत मास्तरांनी फळ्यावर छान लंबगोल अंडं काढून दिलं, पोरांनी उतरवून घेतलं. क्रांती मॅडम म्हणाल्या, "मी काही काढणार नाही. प्रश्न नीट वाचा आणि आपलं आपण काढा." आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

पोरांनी प्रश्न नीट वाचला. ताटात आलेलं अंडं. सतरा पोरांनी सतरा फोडी काढल्या. होडीसारखी पांढरी कड, आत पिवळा तुकडा. मग त्या फोडीचे चार समान भाग केले. बारीक झाले, पण केले, पेन्सिलीला टोक काढून काढून केले. एक भाग रंगवला. खाली लिहिलं, एक छेद चार. निलमनं त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहिली : "अख्ख्या अंड्याचा धरला तर एक छेद सोळा."

दहा दिवसांनी कागद परत आले. सतराही शून्य. खाली लाल शेरा : "विद्यार्थ्यांना अंड्याचा आकार ज्ञात नाही. आकलन पातळी अत्यंत कमी. उपचारात्मक अध्यापन करावे." सोबत अंड्याचं रंगीत चित्र असलेला मोठा तक्ता होता. वर्गात लावण्यासाठी.

पाड्यावर घरोघर दोन-चार कोंबड्या आहेत. अंडी खुडुक कोंबडीखाली बसवतात, नाहीतर बाजारात नेतात. अंड्याचा आकार तिथल्या रांगत्या पोरालाही माहीत असतो, कारण ते फोडल्याबद्दल त्यानं मार खाल्लेला असतो.

"मी कठं चुकलो, बाई?" निलमनं विचारलं. तिच्या हातात शून्याचा कागद होता आणि नाकपुड्या हलत होत्या.

"तू चुकली नाहीस."

"मग शून्य का?"

मॅडमनी तक्ता गुंडाळला, कागद घेतले आणि तडक कार्यालयात गेल्या.

"सर, ही बरोबर उत्तरं आहेत. मी लेखी कळवणार."

"काय कळवणार?"

"मुलांच्या ताटात पावच अंडं येतं, हे."

गुरुजींनी चहा बाजूला ठेवला. "मॅडम, तुम्हाला मार्क हवेत ना पोरांचे? मी बोलतो वर. देतील पाच-दहा. लेखी कशाला?"

"पाच-दहा नकोत. पूर्ण हवेत."

"अहो, पूर्णच्या नादात सगळंच..."

मॅडमनी पत्र पाठवलं. त्यांना कुणावर आळ घ्यायचा नव्हता. त्यांना फक्त पोरांचे मार्क हवे होते. वर पत्र वाचलं गेलं, आणि मार्क राहिले बाजूला. चौकशी लागली.

*

पाणी आणि चौकशी दोन्ही उताराकडं जातात. वरच्या साहेबांनी ठेकेदाराला विचारलं, ठेकेदारानं जिग्नेशभाईला. जिग्नेशभाई म्हणाला, अठ्ठेचाळीस पोचवली. गुरुजी म्हणाले, आली ती सगळी स्वयंपाकघरात दिली. स्वयंपाकघरापुढं उतार संपत होता. तिथं भिकी होती.

बुधवारी दुपारी ती दुसऱ्याच्या नाही, स्वतःच्या दीड बिघ्यात आवणी करत होती. पायाच्या बेचक्या चिखलानं कुजलेल्या. पाठीवर प्लॅस्टिकचा कागद, वर पाऊस. शुक्रा रोपांच्या मुठी सोडवून पुढं टाकत होता. गुरुजी छत्री घेऊन बांधावर आले. बांध निसरडा होता, म्हणून लांबूनच ओरडले.

"भिकी! शुक्रवारी साहेब येतायत. अठ्ठेचाळीस अंडी येतील. प्रत्येकाला अख्खं वाढ. दोरा बाहेर काढायचा नाही."

भिकी कंबर सरळ करून उभी राहिली. "आता वरून येतात वाटतं एवढी?"

"तोंड नको चालवू. तुझ्या भल्याचं सांगतो. साहेबांनी विचारलं तर सांग, मधे एक-दोन शुक्रवारी फुटली, म्हणून कापून वाढली. चूक झाली म्हण. माफी माग. सोडून देतील."

"फुटली कठं? एक बी नाय फुटली माझ्या हातनं."

"अगं म्हणायला काय जातं?"

"गुरुजी," शुक्रा वर न बघता म्हणाला, "फुटली नाय तर तिनं खाल्ली, असं म्हणायचं हाय का कुणाला?"

गुरुजींनी छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मी म्हणत नाही. पण लोक म्हणतील ना. पोरगी तिची, स्वयंपाकघर तिचं."

ते गेले. दोघं पुन्हा वाकली. रोपं चिखलात जात होती, चार-चार काड्यांची एकेक चूड.

"आठ महिन्यांत छत्तीस-छत्तीस अंडी मी खाल्ली," भिकी म्हणाली. "एवढी खाल्ली असती तर अशी दिसलो असतो का मी?"

शुक्रानं तिच्याकडं पाहिलं. ओल्या कागदाखाली खांद्याची हाडं वर आली होती.

"नाय," तो म्हणाला. "साहेबासारखी दिसली असतीस."

*

त्या शुक्रवारी टेम्पोला पाण्यातून येता आलं. फरशी ओलांडून तो थेट शाळेच्या दारात उभा राहिला. जिग्नेशभाईनं स्वतः ट्रे उतरवले. अठ्ठेचाळीस, आणि वर चार. चार साहेबांसाठी, मीठ-मिरपूड लावून.

साहेब जाड नव्हते, पण खुर्चीत बसल्यावर जाड वाटत. शेजारी लिहून घेणारा कारकून. भिकी दाराच्या चौकटीशी उभी. कुणी बस म्हटलं नाही, आणि आणखी खुर्ची नव्हतीच.

"किती वर्षं आहेस?"

"नऊ."

"अंडी किती येतात?"

"बारा."

"सगळे अठ्ठेचाळीस म्हणतात."

"सगळ्यांनी ओढ्यात उतरून आणली का? मी आणते. डोक्यावरनं. बारा आणि अठ्ठेचाळीसचं वजन डोक्याला कळतं, साहेब."

कारकुनानं पेन उचललं. साहेबांनी बोटानंच त्याला थांबवलं.

"घरी नेतेस काही?"

"राख नेते. भांडी घासायला."

"हिची मुलगी शिकते ना इथं? बोलवा."

क्रांती मॅडम उठल्या. "सर, मुलीला कशाला? पत्र माझं आहे. मला विचारा."

"तुम्ही बसा, मॅडम. तुम्हाला पुष्पगुच्छ दिलाय आम्ही."

निलम आली. टेबलाच्या कडेहून हातभर उंच, तेल लावून चापून बसवलेले केस. साहेबांनी आवाज मऊ केला.

"बाळ, घाबरू नको हं. खरं बोलायचं. तुझी आई शाळेत अंडी खाते का?"

"नाय."

"कधीच नाही? थोडंसं पण नाही?"

निलमला शाळेत शिकवलं होतं, खरं बोलायचं आणि पूर्ण बोलायचं. ती म्हणाली, "दोरा चाटते."

कारकून हसला. मग गुरुजी हसले, साहेब हसले म्हणून. साहेब म्हणाले, "लिहा. मुलीच्या सांगण्यानुसार स्वयंपाकी मदतनीस अंड्याचा अंश खातात."

निलमनं आईकडं पाहिलं. भिकीचं तोंड तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. तिनं पदर खोचला आणि अंडी सोलायला निघून गेली. सोलता सोलता तिच्या नखाखाली कवच घुसलं, रक्त आलं. तिनं ते अंडं धुतलं, आणि सोलत राहिली.

*

साडेबाराला घंटा झाली. पोरं ओट्यावर बसली, रोजच्यासारखी चार-चार, बारा टोळकी. साहेबांची खुर्ची पडवीत आणून ठेवली. समोर टेबल, टेबलावर चार अंडी, मीठ-मिरपुडीची.

भिकीनं खिचडी वाढली. मग घमेलं कमरेवर घेऊन प्रत्येक ताटलीत एक अंडं ठेवत गेली. अख्खं, पांढरंशुभ्र. घमेलं रिकामं झालं. तिनं ते ओट्याच्या कडेला ठेवलं आणि चुलीशी जाऊन उभी राहिली. दोरा मनगटाला गुंडाळलेला होता. काढायचा नव्हता.

कुणी खाईना.

"खा ना रे," गुरुजी म्हणाले. "सुरू करा. साहेब बघतायत."

पोरांनी खिचडी खायला सुरुवात केली. अंड्याला कुणी हात लावेना. मग पहिलीतला लडक्या उठला. चड्डी एका हातानं सावरत त्यानं आपल्या टोळक्यातली तीन अंडी गोळा केली, पोटाशी धरली आणि चालत भिकीकडं गेला.

"मावशी, आमच्यात तीन जास्त आली. चुकून."

त्यानं तीन अंडी घमेल्यात ठेवली. हळूच, फुटू नयेत म्हणून. मग जाऊन आपल्या जागी बसला, आणि मधे उरलेल्या एका अंड्याकडं बघत चौघं वाट पाहत राहिले. कापायला मावशी येईल म्हणून.

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं.

दुसरीतलं एक टोळकं एकमेकांकडं बघायला लागलं. आपल्यातही चार आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनीही तीन आणून ठेवली. तिथवर ती चूकच होती. मग पाचवीच्या टोळक्यातून निलम उठली. तिनं कुणाशी न बोलता तीन अंडी उचलली, साहेबांच्या टेबलासमोरून गेली, वाट वाकडी करून मुद्दाम गेली, आणि घमेल्यात टाकली. ती चूक नव्हती. त्यानंतर मोठी पोरं एकामागून एक उठली. तीन. तीन. तीन. कुणी पळालं नाही, कुणी हसलं नाही. वीस मिनिटांत बारा टोळक्यांसमोर बारा अंडी राहिली.

भिकीनं घमेलं उचललं. पडवीत गेली. टेबलावरची मीठ-मिरपुडीची ताटली कोपरानं बाजूला सारली आणि घमेलं मधे ठेवलं.

"मोजा."

साहेबांनी घमेल्याकडं पाहिलं.

"मोजा ना, साहेब. छत्तीस हायत. आठ महिनं कठं जातात, कठं जातात विचारता ना? ही बघा. हीच जातात. पोरांना ठावं हाय यातलं एक त्यांचं आणि तीन दुसऱ्या कुणाची. त्यांनी दुसऱ्याचं नाय खाल्लं. परत आणून दिलं. आता तुम्ही सांगा, कुणाची ती. नाव घ्या. मी नेऊन देते त्याच्या घरी. ओढ्यातनं नेते."

"आवाज खाली," गुरुजी म्हणाले.

"आवाज तरी अख्खा हाय माझा, गुरुजी. त्याचं बी पाव करू का?"

कारकुनानं हळूच विचारलं, "सर, हे कशाखाली लिहू?"

"लिहू नका."

साहेब घमेल्याकडं बघत नव्हते. ते भिकीच्या मनगटाकडं बघत होते. कशाकडं तरी बघायला हवंच होतं.

"हे काय बांधलंय?"

"दोरा."

"मासेमारीचा ना हा? नायलॉन? यानं अन्न कापता? आणि तोंडात धरून?" त्यांच्या आवाजात जीव आला. "हे लिहा. हे अत्यंत गंभीर आहे. मुलांच्या आरोग्याशी खेळ आहे हा."

दोरा काढून घेतला. पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, त्यावर सही झाली, शिक्का झाला. मॅडम म्हणाल्या, "सर, याच दोऱ्याच्या व्हिडिओला तुम्ही अभिनंदन पाठवलंत." साहेब म्हणाले, "व्हिडिओत दात दिसत नव्हते."

भिकी घमेलं घेऊन ओट्यावर गेली. "पोरांनो, जास्त नाय आली," ती म्हणाली. "एवढीच तुमची होती. खा." आणि एकेक अंडं हातानं परत वाढत गेली. लडक्यानं अख्खं अंडं एकदम तोंडात कोंबलं. त्याला अख्खं खायची सवय नव्हती. ठसका लागला, डोळे पांढरे झाले. निलमनं पाठीत धपाटे घातले, पाणी पाजलं. श्वास आल्यावर तो म्हणाला, "मधलं पिवळं केवढं असतं!"

*

आठवड्यानं आदेश आला. स्वयंपाकी मदतनीस भिकी यांनी अन्न हाताळताना अस्वच्छ साधनाचा वापर केल्याचे निदर्शनास आल्याने त्यांची सेवा पुढील आदेशापर्यंत थांबवण्यात येत आहे. अंड्यांबद्दल आदेशात एक ओळ होती : पुरवठादार बदलण्यात यावा. पुरवठादार बदलला. टेम्पो तोच राहिला, त्यावर नावाची पाटी नवीन लागली. सतरा पोरांचे मार्क शून्याचे तीन झाले.

स्वयंपाकाला बुधी नावाच्या बाईला घेतलं. बिचारी भिकीच्या घरी येऊन रडून गेली, "मी नाय म्हणलो असतो, पण घरात..." भिकी म्हणाली, "रांध गं. पोरं काय तुझी-माझी नायत का?"

ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी पाऊस जरा उघडला होता. शुक्रा चार दिवसांनी बोटीवर जायचा होता. ओसरीच्या खांबाला जाळं ताणून तो शेवटची भोकं भरत होता. भिकी उंबऱ्यात बसून भेगाळलेल्या पायांना तेल चोळत होती. सुनिल गुरुजी चिखल तुडवत आले. छत्री बंद, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गुरुजी पहिल्यांदाच या घराच्या ओसरीपर्यंत आले होते.

"भिकीबाई," ते म्हणाले.

भिकीनं वर पाहिलं. नऊ वर्षांत बाई कधी लागलं नव्हतं.

"बुधीला जमत नाही हो. सुरीनं चुरा होतोय. पोरं भांडतायत. खाली बसलीच नाहीत अजून."

"अंडी किती आलीत?"

गुरुजींनी जाळ्याकडं पाहिलं. "बारा."

शुक्राचा हात थांबला. सुई जाळ्यात अडकून राहिली.

"जरा दोरा द्या," गुरुजी म्हणाले. "हातभर. बुधीला दाखवून द्या कसं ते. मी तुमच्यासाठी वर शब्द टाकतो. पुढच्या महिन्यात परत घेतील. मी स्वतः सांगेन, बाई चांगली आहे."

"माझा दोरा साहेबांनी नेला. पाकिटात घालून, शिक्का मारून."

"तो गेला. पण दुसरा असेल ना."

दुसरा होता. शुक्राच्या मांडीशी नवीन कोरं रीळ पडलेलं होतं. त्यात सगळ्या तालुक्याची अंडी कापून झाली असती. गुरुजींनी ते पाहिलं. भिकीनंही पाहिलं. लडक्या आता काय करत असेल, हे तिला इथूनही दिसत होतं. चड्डी धरून उभा असेल, ताटली घेऊन.

तिनं पायाचं तेल पदराला पुसलं आणि उठली. गुरुजींना हायसं वाटलं. ते म्हणाले, "चला, लवकर."

"येते," भिकी म्हणाली. "बाजूच्या चार घरच्या बाया बी येतात संगं. जिग्नेशभाई डबा खाऊनच निघतो, टेम्पो फरशीच्या पलीकडं उभाच असेल अजून, हो ना? तिथं जाऊन बसतो आम्ही त्याच्यासमोर. उरलेली छत्तीस उतरली की उठतो."

"अहो, पण... आत्ता पोरांचं काय? दोरा तरी..."

भिकीनं रीळ उचललं. गुरुजींचा हात नकळत पुढं आला. तिनं ते नवऱ्याच्या मांडीवर नीट ठेवलं.

"अख्ख्याला दोरा लागत नाय, गुरुजी."

आणि ती शेजारच्या बायांना हाक देत ओढ्याकडं चालू लागली. मागं शाळेतून ताटल्यांचा आवाज येत होता. पोरं ताटल्या वाजवत होती, सगळी एकदम.